भंगारवाला पळाला अन् आम्ही टाळ्या पिटल्या

परवा आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत पोट्ट्यांनी लॅपटॉपवर एक पिक्चर लावला होता. म्हटलं, दहा मिनिटं बसू अन् उठू. उठलोच नाही. शेवटपर्यंत बसलो, पोट धरून हसलो, शेवटी तर चक्क शिट्टी मारली. या वयात! बाहेर निघताना एका तरण्या कार्यकर्त्यानं दारातच अडवलं. पोरगा वाचणारा आहे, तळमळीचा आहे, म्हणूनच त्याचं बोलणं लागतं. म्हणाला, "दादा, तुम्हीसुद्धा? शिबिरात आम्हाला सांगता, प्रस्थापितांची करमणूक ओळखा, तिच्यापासून सावध राहा. अन् इथं दरोड्याच्या थिल्लर पिक्चरला शिट्ट्या मारता?"

मी कायतरी बोलून सटकलो. प्रश्न मात्र सटकला नाही, माझ्या पाठोपाठ घरी आला. दारात जे सांगता आलं नाही ते इथं सांगतो.

पिक्चरचं नाव 'कॉटन कम्स टू हार्लेम'. साल १९७०. हार्लेम म्हणजे न्यूयॉर्कमधली काळ्यांची वस्ती. पिक्चर तिथल्याच रस्त्यांवर काढलेला. हॉलिवूडच्या मानानं खर्च किरकोळ, बारा लाख डॉलरच्या आसपास. अन् तो किरकोळपणा दिसतो. मारामारीत ठोसा लागायच्या आधीच माणूस पडतो. गाड्यांचा पाठलाग उगाच लांबवलेला. विनोद असे की आपल्या तमाशातला सोंगाड्यासुद्धा म्हणेल, जरा दमानं घ्या.

गोष्ट अशी. डीक ओमॅली नावाचा एक पाद्री आहे. देखणा, गोडबोल्या, भाषणाला उभा राहिला की माणसं रडवणारा. तो लोकांना सांगतो, या गोऱ्यांच्या देशात आपलं काही खरं नाही, आपण आपल्या मायभूमीला, आफ्रिकेला परत जाऊ. जहाज घेऊ. त्यासाठी वर्गणी द्या. हार्लेममधली गरीब माणसं, धुणीभांडी करणाऱ्या बाया, हमाल, म्हातारेकोतारे, आयुष्याची पुंजी आणून देतात. सत्याऐंशी हजार डॉलर जमतात. भर सभेत मुखवटे घातलेली माणसं बंदुका घेऊन येतात अन् सगळा पैसा पळवतात. पाठलागात त्यांच्या गाडीतून एक कापसाची गाठ खाली पडते. पैसा त्या गाठीत! हे कुणालाच माहीत नाही. ती गाठ सापडते एका म्हाताऱ्या भंगारवाल्याला. अंकल बड त्याचं नाव. तो ती पंचवीस डॉलरला विकतो, मग तीस डॉलर देऊन परत घेतो. इकडे दोन काळे पोलीस, गोरे गुंड, पाद्री, पाद्र्याच्या बायका, सगळे त्या गाठीच्या मागे. पाद्री अर्थातच भामटा. जहाज कधी निघायचंच नव्हतं.

शेवट सांगतो, कारण माझी शिट्टी तिथं वाजली. गाठ उघडतात, आत पैसा नाही. भंगारवाला कधीचाच पसार. वर्गणी त्यानं नेली अन् तो खरोखरच आफ्रिकेला गेला. ज्याला सभेत कुणी खुर्चीही दिली नसती तो एकटा मायभूमीला पोचला, अन् तिथं राजासारखा राहतो आहे. ते दोघे पोलीस गोऱ्या गुंडांच्या म्होरक्याला कचाट्यात पकडून तेवढीच रक्कम वसूल करतात. लोकांचं लोकांना मिळतं.

अभ्यासिकेत टाळ्या पडल्या. अन् माझ्या तोंडून शिट्टी.

आधी कापसाबद्दल. माझी माय वऱ्हाडात कापूस वेचायची. ओटी बांधून उन्हात उभी, बोंडाच्या टोकांनी बोटं चिरलेली. संध्याकाळी वजन व्हायचं, अन् काटा नेहमी मालकाच्या बाजूनं बोलायचा. गाठ काय असते ते मला माहीत आहे. आपल्याकडची गाठ १७० किलोची, अमेरिकेतली सुमारे ५०० पौंडांची. अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेल्या कापसावर इंग्लंडातल्या गिरण्या चालल्या. १८६१ ते १८६५ तिथं यादवी झाली, तो कापूस थांबला, तर आपल्या कापसाचे भाव चढले अन् मुंबईचे शेठ गबर झाले. पुढे त्याच मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या. त्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणकाम खात्यात मज्जाव होता. का? धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, अन् महाराच्या तोंडाचा धागा स्पृश्य कामगाराला चालायचा नाही. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला तेव्हा कामगारांच्या पुढाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. तेव्हा मित्रांनो, कापूस हलकाफुलका आहे असं ज्याला वाटतं त्यानं तो वेचलेला नसतो. पिक्चरमध्ये त्या गाठीभोवती थेटरात एक बाई नाचते अन् प्रेक्षक हसतात. ज्यानं पाठ मोडली तीच वस्तू रंगमंचावर आणून तिची टर उडवायची! हे थिल्लर आहे असं मला तरी म्हणवत नाही.

पिक्चर कुणी काढला तेही बघा. दिग्दर्शक ऑसी डेव्हिस. १९६५ साली माल्कम एक्सचा खून झाला तेव्हा हार्लेममधल्या अंत्यविधीला ज्यानं श्रद्धांजलीचं भाषण केलं तोच हा माणूस. पाच वर्षांनी तोच माणूस हा बाजारू पिक्चर काढतो. मूळ कादंबरी चेस्टर हाइम्सची. हा हाइम्स स्वतः सशस्त्र दरोड्याच्या गुन्ह्यात १९२८ साली तुरुंगात गेला, सात-साडेसात वर्षं आत होता, अन् लिहायला लागला तो तुरुंगातच. पुढे १९५३ साली अमेरिका सोडून फ्रान्सला गेला. तिथल्या एका प्रकाशकाच्या सांगण्यावरून पोटासाठी डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लिहिल्या. गंभीर साहित्यानं त्याचं पोट भरलं नव्हतं. म्हणजे दरोड्याची गोष्ट लिहिणारा खरोखरचा दरोडेखोर, अन् ती पडद्यावर आणणारा चळवळीतला माणूस. आपल्या शिबिरात या दोघांना कुठल्या सत्रात बसवणार?

आणि ते जहाज हवेतून आलेलं नाही. मार्कस गार्वीनं १९१९ साली हार्लेममध्येच ब्लॅक स्टार लाइन नावाची जहाज कंपनी काढली होती. पाच डॉलरला एक शेअर. गरिबांनी तो रांगा लावून घेतला. कंपनी बुडाली. १९२३ साली गार्वीला टपालातून फसवणूक केल्याबद्दल शिक्षा झाली, १९२७ साली देशाबाहेर घालवलं. गार्वी भामटा नव्हता असं मला वाटतं, त्याच्यामागे सरकार हात धुऊन लागलं होतं. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षानं त्याला मरणोत्तर माफी दिली. पण पाच डॉलर गेलेल्या बाईला काय फरक पडतो? तिच्या हातात शेअरचा कागद उरला. पुढाऱ्याच्या प्रामाणिकपणावर तिची चूल पेटत नाही.

या हार्लेमचं अन् आपलं नातं लांबचं नाही, हेही जाता जाता. १९१३ ते १९१६ बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात होते. विद्यापीठ ११६व्या रस्त्यावर, टेकडीवर. टेकडी उतरलं की हार्लेम. त्याच वर्षांत काळी माणसं तिथं मोठ्या संख्येनं राहायला येत होती. अन् १९४६ साली बाबासाहेबांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉय यांना पत्र लिहिलं, त्यांचं उत्तरही आलं. मग १९७२ साली आपल्या पोरांनी मुंबईत पँथर हे नावच तिकडून उचललं.

आता माझ्या तरण्या मित्राचा मुद्दा. हाच वाद तिकडे पन्नास वर्षांपूर्वी झाला, अन् चांगला कडाक्याचा झाला. १९७१ साली मेल्विन व्हॅन पीबल्सचा 'स्वीटबॅक' आला. तोही असाच कमी पैशातला धावपळीचा पिक्चर. ब्लॅक पँथरच्या ह्यूई न्यूटननं पक्षाच्या पेपरात पानंच्या पानं त्याच्यावर लिहिली, हा क्रांतिकारी पिक्चर आहे म्हणून. तिकडे लेरोन बेनेट या काळ्या इतिहासकारानं 'एबनी' मासिकात त्याची पिसं काढली. पुढच्या वर्षी काळ्यांच्याच एका मोठ्या संघटनेच्या ज्युनियस ग्रिफिन यांनी या सगळ्या पिक्चरांना 'ब्लॅक्सप्लॉयटेशन' हे नाव दिलं. काळ्यांचं शोषण, काळ्यांच्याच तोंडून हसवून. अन् यात खोटं काही नाही. तिकीट हार्लेमचा माणूस काढतो, नफा बाहेर जातो. 'कॉटन'चा निर्माताही गोराच होता. वर्गणी पळवणाऱ्या पाद्र्याचा पिक्चर दाखवून पुन्हा त्याच माणसांच्या खिशातून पैसे काढायचे, हा दरोड्यावर दरोडा झाला.

न्यूटननं पिक्चरला फार चढवलं असं माझं मत आहे. क्रांती थेटरात होत नाही, तिथं अंधार असतो अन् दाराला कडी असते. ग्रिफिनचा हिशोब मला पटतो. पण दोघंही अंधारात बसून हसणाऱ्या माणसाला विचारत नाहीत, की बाबा, तू का हसलास?

मी माझ्यापुरतं सांगतो. आम्ही टुरिंग टॉकीजला वाढलो. पडद्याजवळ, जमिनीवर बसून. तिजोरी फुटली की तंबू नुसता दणाणायचा. आमच्यापैकी कुणाच्या बापानं तिजोरी आतून बघितली नव्हती. सावकाराची वही बघितली होती, तीही उलटी, समोर बसून. शूद्रानं धन साठवू नये असं मनुस्मृतीनं लिहून ठेवलं. म्हणजे पहिला दरोडा तर कायद्यानं, मंत्र म्हणून पडलेला. १९२७ साली महाडला ते पुस्तक जाळलं, पण तिजोऱ्यांच्या किल्ल्या काही त्या राखेत सापडल्या नाहीत. मग पडद्यावर कुणीतरी फाटका माणूस ते दार उघडतो तेव्हा छातीत काहीतरी सैल होतं. याला चोरीची आवड म्हणा, नायतर जुनं येणं म्हणा.

आणखी एक गंमत. दरोड्याच्या पिक्चरमध्ये टोळी जमवतात तो भाग मला सगळ्यांत आवडतो. एक कुलूप उघडणारा, एक गाडी हाणणारा, एक भिंत चढणारा. ज्याच्या हातात जे काम आहे त्याला ते मिळतं. बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिलं होतं, की जात म्हणजे कामांची नाही, तर कामकऱ्यांचीच वाटणी. दरोडेखोरांच्या टोळीत ती वाटणी नाही! कुलूप उघडणाऱ्याला त्याचं आडनाव कुणी विचारत नाही. आपल्या देशात बिनजातीचं कामाचं ठिकाण बघायचं तर दरोड्याच्या पिक्चरला जावं लागतं, यावर हसावं की रडावं? १९७२ चा 'कूल ब्रीझ' म्हणून एक पिक्चर आहे, त्यात काळी टोळी हिरे चोरते ती काळ्यांची बँक काढायला. १९७३ च्या 'द स्पूक हू सॅट बाय द डोअर'मध्ये तर कहर आहे. बँक लुटायला टोळीतली उजळ कातडीची पोरं पाठवतात. साक्षीदार पोलिसांना सांगतात, दरोडेखोर गोरे होते! आपल्या बाबूराव बागुलांच्या १९६३ च्या संग्रहाचं नाव आठवतं? 'जेव्हा मी जात चोरली होती'. मराठीत जात लपवायला 'चोरणं' हाच शब्द आहे. स्वतःचीच वस्तू लपवली तरी आपण चोर. भाड्याची खोली मिळावी म्हणून आडनाव गिळणारे आपल्यात किती आहेत ते मी विचारत नाही.

हसणं चळवळीला परकं नव्हतं, हेही त्या मित्राला सांगायचं होतं. आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला, त्यातले देवबिव काढले, पण हसवणं ठेवलं. गावोगाव माणसं हसत हसत बाबासाहेबांचा विचार ऐकत होती. गंभीर तोंड करून बसणं हे आपण नंतर शिकलो. बहुतेक सभेत खुर्च्या आल्यावर.

इथवर लिहून मी थांबलो असतो तर माझी छान सुटका झाली असती. पिक्चर बरा, हसणं बरं, दादा बरोबर. पण शिट्टी मारून झाल्यावर मला त्या रात्री झोप आली नाही, अन् त्याचं कारण वेगळं आहे.

१९८३ सालची जयंती. आमच्या वस्तीत घरोघर वर्गणी फिरलो. कुणी एक रुपया, कुणी पाच. एका म्हातारीनं गाडग्यातले चार चार आणे मोजून दिले, तिचे हात थरथरत होते. अकराशे चाळीस रुपये जमले. आज तेवढ्यात पोरांचं एक जेवण होत नाही, पण तेव्हा ती वस्तीची ऐपत होती. पैसे पत्र्याच्या डब्यात, डबा मंडपामागच्या खोलीत. मंडपावर रात्री राखण करायला एक म्हातारा ठेवला होता. वस्तीच्या कडेला पालात राहायचा. भंगार वेचायचा, बाटल्या, लोखंड, फुटके टायर. पारधी होता.

चौदाच्या आदल्या रात्री डबा गेला.

कुणी कुणाला विचारलं नाही. दहा-बारा जण थेट पालावर गेलो. मी पुढे होतो. आमच्यात एकानेही म्हटलं नाही, की अरे, पुरावा काय? पारधी आहे, भंगारवाला आहे, रात्री तिथं होता. झालं. म्हातारा हात जोडून सांगत होता, मी झोपलो नाही, मी कुणाला पाहिलं नाही, खोलीची किल्ली माझ्याजवळ नव्हतीच. त्याचं सगळं भंगार आम्ही रस्त्यावर उपडं केलं. अन् मारलं. मीही मारलं. किती ते मोजलेलं नाही, पण माझ्या हाताला त्याची दाढी लागलेली आठवते. त्याची सून पाया पडत होती. दुसऱ्या दिवशी पाल नव्हतं.

चार महिन्यांनी उलगडा झाला. डबा आमच्यातल्याच एकाकडे गेला होता. त्याच्याकडे किल्ली होती. उत्तम वक्ता होता, त्याच्या भाषणाला बायाबापड्या रडायच्या. घरात अडचण होती, बहिणीचं लग्न होतं, नंतर टाकणार होतो, असं म्हणाला. आम्ही बैठक घेतली. त्याला कुणी हात लावला नाही. चळवळीची बदनामी नको म्हणून विषय बाहेर जाऊ दिला नाही. पुढच्या जयंतीला तोच सूत्रसंचालनाला उभा.

इंग्रजांनी १८७१ साली कायदा केला, की काही जमाती जन्मानंच गुन्हेगार. पारधी त्यात पुढे ओढले गेले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. त्यानंतर एकतीस वर्षांनी, मनुस्मृती जाळणाऱ्यांची आम्ही पोरं, तो कायदा आमच्या हातानं पालावर राबवून आलो. अन् आलो ते कुठून? बाबासाहेबांच्या मंडपातून. डोक्याला निळी पट्टी होती माझ्या.

हे मी आजवर कुठल्याच शिबिरात सांगितलं नाही. भाषणात सांगण्यासारखं नव्हतं. आत्मकथन लिहावं तर त्यात आपण सोसणारे असतो, मारणारे नसतो. परिसंवाद, परिषदा, ठराव, इतक्या वर्षांत कशानंही माझं तोंड उघडलं नाही. उघडलं ते एका बाजारू पिक्चरनं. का? कारण त्यात पाद्री आपला होता. लूट बाहेरच्यांनी केली असं वाटत असतानाच, वर्गणी ज्याच्या शब्दावर जमली तोच ती खाणार होता, हे त्या पिक्चरनं हसत हसत, कुणाची परवानगी न घेता सांगून टाकलं. काळ्यांची बदनामी होईल, गोरे काय म्हणतील, याचा विचार ऑसी डेव्हिसनं केला नसेल असं मला वाटत नाही. पिक्चरभर वेगवेगळ्या तोंडी एकच सवाल येत राहतो, की हे पुरेसं काळं आहे ना? मला तो ऐकताना दर वेळी वाटत होतं, हा आपल्याला विचारतो आहे, हे पुरेसं निळं आहे ना? आम्ही बैठकीत विषय दाबला तो निळा रंग वाचवायला. म्हाताऱ्याच्या अंगावरचे वळ कुठल्या रंगाचे होते ते कुणी विचारलं नाही.

आता माझ्यापुढचा गुंता असा आहे. पिक्चरमधला भंगारवाला खरोखरच चोर आहे. गरिबांची वर्गणी त्यानं नेली, लोकांना पैसे परत मिळाले ते पोलिसांच्या युक्तीनं, त्याच्या दयेनं नाही. तरी मी त्याच्यासाठी शिट्टी मारली. अन् आमच्या भंगारवाल्यानं एक पैसा नेला नव्हता, त्याला मी मारलं. पडद्यावरच्या चोराला माफी अन् मंडपातल्या निरपराधाला मार! पिक्चरमध्ये माझी जीभ सैल झाली, मन मोठं झालं, कारण तिथं माझं काही जात नव्हतं. म्हणून मला आता त्या मित्राचंही थोडं पटतं. अंधारात बसून मिळालेला मोठेपणा फुकटचा असतो. पण माझं त्याला एवढंच म्हणणं आहे, की तो पिक्चर नसता तर मला हा हिशोब दिसलाच नसता. मी त्या भंगारवाल्याला पळताना बघून जो सुखावलो त्यात बहुतेक माझाच स्वार्थ होता. कुणीतरी एक म्हातारा सुटला, एवढं तरी बघायला मिळालं. रेड फॉक्स नावाचा नट आहे तो. पुढे १९७२ पासून टीव्हीवर वर्षानुवर्षं त्यानं भंगारवाल्याचंच काम केलं अन् घराघरात गाजला. डोळे मिचकावून हसतो. आमच्या म्हाताऱ्याला हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

तो पिक्चर निर्दोष आहे असं मात्र कुणी समजू नये. अभ्यासिकेतल्या एका मुलीनं मला नंतर विचारलं, "काका, त्या आयरिसला काय मिळालं?" आयरिस म्हणजे पाद्र्याची बाई. तिच्यावर पहारा ठेवलेल्या गोऱ्या पोलिसाला ती असा बनवते की तो डोक्यात कागदी पिशवी घालून उघडानागडा दाराबाहेर उभा राहतो. सगळ्यात मोठा हशा तिथंच. पण पाद्री तिला दगा देतो, अन् पिक्चर तिचं अंग दाखवून पुढे जातो. मी त्या मुलीला म्हटलं, काही नाही मिळालं. ती म्हणाली, मग तुम्ही हसत का होता? उत्तर नव्हतं. टोळीत जात विचारत नाहीत हे मी वर मोठ्या कौतुकानं लिहिलं आहे. बाईचा हिस्सा किती, हे तिथंही कुणी विचारत नाही.

परवा पुन्हा अभ्यासिकेत गेलो. तो तरणा कार्यकर्ता होता, ती मुलगी होती, आणखी पाच-सहा जण. पिक्चरचा विषय निघाला तेव्हा मी त्यांना १९८३ ची गोष्ट पहिल्यांदाच सांगितली. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्या कार्यकर्त्यानं विचारलं, "दादा, त्या बाबाचं नाव काय होतं?"

मला सांगता आलं नाही. आम्ही त्याला 'ए बाबा' म्हणायचो.

घरी येऊन ट्रंक उपसली. त्या वर्षीची पावतीपुस्तकं मी जपून ठेवली आहेत, हिशोबात मी चोख, असा माझा लौकिक आहे. स्थळप्रती चाळत बसलो. चार आणे देणारी म्हातारी सापडली, तिचं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. शेवटच्या पुस्तकात, शेवटून तिसरी पावती. अक्षर माझंच. 'पारधी बाबा, मंडपावरचा. रु. २.'